आमच्या वसतिगृहाची माणसं आणि त्यांची नोंद

जूनच्या विश्वस्त बैठकीत देणगीदारांसाठी सॉफ्टवेअर घ्यायचा विषय निघाला आणि दोन कंपन्यांची दरपत्रकं समोर आली. मी विनंती केली की खरेदी दिवाळीपर्यंत थांबवू या, तोवर मला एक आराखडा लिहू द्या. संस्थेचा संबंध कोणाकोणाशी आहे, त्यातल्या प्रत्येकाला आपण काय देणं लागतो, आणि ते कोण, कधी पोहोचवणार, एवढं कागदावर आलं की सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ते अर्ध्या तासात ठरेल, असं माझं म्हणणं होतं. विश्वस्तांनी ते मानलं. आराखडा आता जवळजवळ पुरा झालाय. आसपासच्या छोट्या संस्थांतली मंडळी फोन करून त्याबद्दल विचारतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमचं वसतिगृह चिपळूण तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ज्या वाड्यांपासून माध्यमिक शाळा लांब पडते, तिथली मुलं-मुली आमच्याकडे राहून शिकतात. इकडच्या बहुतेक जुन्या संस्थांसारखीच आमचीही नोंदणी दोन्हीकडे, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. शुल्क नाममात्र. वसतिगृह चालतं ते लोकांच्या पैशांवर, तांदळावर आणि वेळेवर. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी इथलं कार्यालय बघायला लागले, त्यामुळे पत्ते, नावं आणि परत आलेली पत्रं हा माझा जुनाच जिव्हाळ्याचा विषय.

ही माणसं आजवर नोंदलेली होती ती पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींत, दर वर्षाच्या वेगळ्या एक्सेल फाइलीत, अधीक्षिका बाईंच्या मोबाइलमध्ये आणि सगळ्यात जास्त नानांच्या डोक्यात. नाना आमचे जुने लेखनिक. देणगीदाराचं नुसतं आडनाव आणि गाव सांगितलं की मुंबईतलं बिऱ्हाड कुठे, पहिली देणगी कोणाच्या निमित्ताने आली, मुलगी कुठे दिली, सगळं सांगतात. त्यात २२ जुलै २०२१ चा पूर. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आमचं कार्यालय तेव्हा तिथेच होतं, आणि खालच्या फळ्यांवरच्या स्थळप्रतींचा लगदा झाला. त्यामुळे कितीतरी वर्षांची माहिती आता नानांखेरीज कोणाकडेच नाही. म्हणून आराखड्यातलं पहिलं काम सॉफ्टवेअरचं नव्हतंच. दुपारी नानांसमोर उरलेली पुस्तकं ठेवायची, ते एकेका नावावर बोलतील, आणि आमची एक माजी विद्यार्थिनी ते लिहून घेईल. हे काम अजून चालू आहे. एखाद्या संस्थेत असं जुनं माणूस असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे करावं, असं मी कळकळीने सांगेन.

पुरानंतरच्या दिवसांत आमच्या खात्यात अनोळखी माणसांनी यूपीआयने पैसे पाठवले. बँकेच्या उताऱ्यात अर्धं नाव आणि व्यवहार क्रमांक, एवढंच. तेव्हा सगळे हात चिखल काढण्यात आणि मुलांच्या अंथरुणांची सोय लावण्यात गुंतले होते. पण ज्यांनी आम्हाला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी दिलेल्या पैशांचं काय झालं, हे त्यांना कधीच कळलं नाही. आराखड्यात आता नियम आहे: खात्यात रक्कम दिसली की आठवड्याच्या आत माणूस शोधायचा, आणि पैसे कशाला लागले हे सहा महिन्यांच्या आत त्याला कळवायचं. मागणी न करता कळवायचं. संबंध टिकतो तो या दुसऱ्या पत्राने, असा माझा ठाम विश्वास आहे. पहिलं आभाराचं पत्र सगळेच पाठवतात.

आता नावांकडे येते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. संजय रामचंद्र पाटील, पाटील संजय आर., एस. आर. पाटील, आणि बँकेच्या उताऱ्यातलं चौथंच रूप. माणूस एक, नोंदी चार. उलटही घडतं. इकडच्या काही गावांत निम्मी घरं एकाच आडनावाची असतात, त्यात नावंही तीच, म्हणजे दोन वेगळे संजय कदम एका नोंदीत अडकतात. बाहेरच्या देशांत घडलेल्या सॉफ्टवेअरात पहिलं नाव आणि आडनाव एवढे दोन रकाने महत्त्वाचे, मधलं नाव असलं तर असलं. आपल्याकडे मधल्या नावाशिवाय माणूस ओळखता येत नाही. म्हणून आम्ही चार रकाने सक्तीचे केले: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, आणि मूळ गाव वाडीसकट.

बायकांच्या बाबतीत पाचवा रकाना लागतो, माहेरच्या नावाचा. आमच्या वसतिगृहात राहून गेलेली मुलगी आमच्या रजिस्टरात माहेरच्या नावाने असते. वीस वर्षांनी ती सासरच्या नावाने देणगी पाठवते. दोन्ही नावं एका जागी नसतील तर ती आपलीच मुलगी आहे हे कार्यालयाला कळतच नाही, आणि तिला जातं ते परक्या माणसाला पाठवतात तसलं छापील पत्र. असं एक पत्र नानांनी पाकिटात घालता घालता थांबवलं. ‘अगो, ही आपली कोपऱ्यातल्या खोलीतली,’ म्हणाले, आणि मग अधीक्षिका बाईंनी तिला फोन केला. तिचा आवाज स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकला. माजी विद्यार्थिनींची यादी माहेरच्या नावांवरून पुन्हा लावायची, हा आराखड्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

मोबाइल नंबरवरून माणूस ओळखा, असं दोन्ही दरपत्रकवाल्यांनी सुचवलं होतं. पण कोकणातल्या घरात नंबर बहुतेकदा मुंबईच्या मुलाचा असतो आणि तोच आई, वडील, काकू सगळ्यांच्या नावापुढे लिहिलेला असतो. सिव्हीसीआरएम नावाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, खास संस्थांसाठीच बनवलेलं. त्यात व्यक्ती, कुटुंब आणि संस्था अशा तीन जातीच्या नोंदी करता येतात आणि त्यांच्यात नाती जोडता येतात. हे कुटुंब प्रकरण मला फार पटलं. आपल्याकडे देणारं बहुतेकदा घर असतं. रयत शिक्षण संस्था १९१९ साली सुरू झाली, आणि पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड चालवला तो घराघरांतून. घरातली बाई रोजच्या धान्यातून मूठभर बाजूला काढायची आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी जायचं. त्याची पावती कोणाच्या नावाने फाडणार? आमच्याकडेही चेक आजोबांचा, निर्णय आजीचा आणि गाडीत तांदळाची पोती घालून आणणारा नातू, असं असतं. पावती एकाच्या नावाने जाईल, पण पत्र घराला गेलं पाहिजे.

पत्त्यांबद्दल पोस्टातली असल्यामुळे जरा जास्त लिहिते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी, संस्कृतचे पंडित, आणि आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. सहा आकड्यांतले पहिले तीन टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. ४१५६०५ म्हणजे आमचं चिपळूण. देणगीदारांची यादी पिनकोडप्रमाणे लावली आणि आमच्या चाकरमान्यांचं स्थलांतर डोळ्यांपुढे आलं. जुन्या पावत्यांवर गिरगाव, लालबाग, परळ, सगळे ४०० चे. त्याच घरांचे नवे पत्ते डोंबिवली-बदलापूरकडे ४२१ ला, वसई-विरारला ४०१ ला. मुंबईच्या भेटी आम्ही आता याच गटांप्रमाणे आखल्या आहेत. एका रविवारी डोंबिवली ते बदलापूर, दुसऱ्या रविवारी नालासोपारा-विरार.

परत आलेली पत्रंही फेकू नयेत. पोस्टमनने पाकिटावर मारलेला शेरा ही फुकट मिळालेली आणि बहुतेकदा खरी माहिती असते. पत्ता सोडून गेले, घर बंद, पत्ता अपुरा, मयत, प्रत्येक शेऱ्यानंतर करायचं काम वेगळं. ‘घर बंद’ला दोन महिन्यांनी पुन्हा पाठवायचं. ‘सोडून गेले’ आलं तर त्याच वाडीतल्या दुसऱ्या घरी विचारायचं. ‘मयत’ आलं तर त्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून त्या घरी फोन करायचा.

कारण त्यापुढची गोष्ट फार नाजूक असते. यजमान गेल्यानंतरही ‘श्री. व सौ.’ असं छापलेलं दिवाळीचं पत्र घरात जाणं, याहून जास्त दुखावणारं काही एखादी संस्था करू शकेल असं मला वाटत नाही. ती बाई काही बोलणार नाही. पाकीट बाजूला ठेवेल आणि पुन्हा कधी आमच्याकडे वळणार नाही. म्हणून नावाआधीचं संबोधन हा स्वतंत्र रकाना आहे. तो बदलायचा अधिकार कार्यालयात दोघांनाच, आणि निधनाची बातमी कोणाच्याही कानावर आली तरी त्याच संध्याकाळी नोंद. काहींना श्रीमती लिहिलेलं आवडत नाही, काहींना नुसतं नाव हवं असतं. विचारायचं आणि त्या सांगतील तसं लिहायचं.

स्मरणार्थ येणाऱ्या देणग्यांमुळे आणखी एक पेच पडला. आमच्याकडे मुलांच्या एका दिवसाच्या जेवणाची देणगी घेतली जाते. पुष्कळ घरं ती आई-वडिलांच्या पुण्यतिथीला देतात, आणि ती तारखेने नसते, तिथीने असते. मार्गशीर्ष वद्य नवमी दर वर्षी वेगळ्या तारखेला येणार. एरवी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक महिना पडला की एकदम पुढे जाते. यंदा ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे त्यानंतरच्या सगळ्या तिथी गेल्या वर्षीपेक्षा उशिरा आहेत. सॉफ्टवेअरला मागच्या वर्षीची तारीख दिली तर आठवणीचा फोन चुकीच्या दिवशी जाईल. यावर आमचा उपाय साधा आहे. तिथी शब्दांत एका रकान्यात, कायमची. शेजारी त्या वर्षाची तारीख. गुढीपाडव्याच्या आठवड्यात नवं पंचांग घेऊन बसायचं आणि सगळ्या तारखा एकदम भरायच्या. त्या दिवशी संध्याकाळी मुलं प्रार्थनेत त्या व्यक्तीचं नाव घेतात. दुसऱ्या दिवशी घरच्यांना पोस्टकार्ड जातं, मुलांच्या अक्षरात.

कायद्याचं काम कोरडं असलं तरी टाळता येत नाही. ते थोडक्यात सांगते. जुन्या आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली सवलत मिळणाऱ्या देणग्यांचं १०बीडी विवरणपत्र, म्हणजे कोणी किती दिलं याची आयकर खात्याला द्यायची यादी, आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून भरावं लागू लागलं, मुदत ३१ मे, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यासाठी देणगीदाराचा पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक लागतो, आणि तो मे महिन्यात गोळा करायला बसलं की तोंडाला फेस येतो. पावती फाडतानाच घ्यायचा. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हेही तेव्हाच सांगायचं. यंदाच्या एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून आम्ही रकान्याला फॉर्मचं नाव दिलंच नाही, ‘कर-प्रमाणपत्र दिल्याची तारीख’ एवढंच लिहिलं.

परदेशातल्या माणसांसाठी राहता देश पुरत नाही, नागरिकत्वाचा रकाना हवा. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माजी विद्यार्थी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाची मात्र ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला परदेशी योगदान नियमन कायद्याखाली परवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. आमच्याकडे ते नाही. पण म्हणून तो माणूस यादीतून काढायचा का? आमचा एक जण रविवारी सकाळी तिकडून मुलांना व्हिडिओवर इंग्रजी बोलायला शिकवतो. मुलं त्याची वाट बघतात. त्याच्या नोंदीत ‘देणगी’ कायम शून्य राहील, आणि तरी तो आमच्या पहिल्या पन्नास माणसांत आहे.

हे विश्वस्तांना समजावताना मला बराच वेळ लागला. यादी रकमेप्रमाणे लावायची सवय सगळ्यांनाच असते. मी ती वेगळी लावून दाखवली. दर महिन्याला मुलांना तपासून जाणारे डॉक्टर. भात झोडून झालं की पोतं आणून टाकणारी वाडी. पावसाळ्यात मुलांना उशीर झाला तर फाट्यावर दोन मिनिटं थांबणारा एसटीचा चालक. मुलांचे आईबाप, जे आमच्यावर लेकरं सोपवतात आणि ज्यांना कोणतीच संस्था कधी पत्र लिहीत नाही. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतली कंपनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून जे देते त्याचा अहवाल वेळेवर जातो, कारण तो मागितला जातो. न मागणाऱ्यांना कोण कळवणार, ते आराखड्यात नावानिशी लिहिलं आहे.

एका गोष्टीवर मी अडून बसले. मुलांची माहिती आणि देणाऱ्यांची माहिती एका नोंदवहीत येणार नाही. मुलाची जात, घरची मिळकत, वडील काय करतात, आजार, हे कोणत्याही देणगीदाराला दिसता कामा नये, आणि एका देणगीदाराला एक मूल जोडून देण्याची पद्धत आम्ही ठेवणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला आपण कोणाच्या पैशावर जेवतो हे नावानिशी कळण्याची काही गरज नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती मागतो, आणि संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय ठेवायला सांगतो. आमचा संमतीचा कागद मराठीत आहे, मोठ्या अक्षरात. पालक सभेत तो वाचून दाखवतो. फोटोला नाही म्हणणाऱ्या पालकाला कारण विचारायचं नाही, हेही ठरलंय.

वर्षाचं वेळापत्रक आमच्या पंचांगाप्रमाणेच बसलं. एप्रिल-मे कर-प्रमाणपत्रांचा. जूनमध्ये नवी मुलं आली की पालकांना पहिलं पत्र. गणपतीत सगळी मुंबई गावात असते, तेव्हा प्रत्येक वाडीसाठी एक माजी विद्यार्थी छापील यादी घेऊन घरोघर आरतीला जाईल आणि नावं, पत्ते, नंबर ताडून आणेल. पैसे मागणार नाही. त्याच वेळी संस्थेचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये जतन करून घेईल, कारण व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतला निरोप नंबर जतन केलेल्यांनाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ माणसंच मावतात. नंबर संस्थेचा, कोणा कार्यकर्त्याचा नव्हे. कार्यकर्ता गेला की त्याच्याबरोबर शेकडो माणसं जातात, हे इकडे पुष्कळांनी भोगलंय. गणपतीमागोमाग पितृपक्ष, स्मरणार्थ देणग्यांचा. दिवाळीत मुलांचं पत्र. मार्चमध्ये एकदाच मागणीचं पत्र, आणि ज्यांनी वर्षात आधीच दिलंय त्यांना ते जाणार नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर दोन्ही दरपत्रकं आम्ही नाकारायची ठरवतोय. मार्चपर्यंत गूगल शीटवरच, पण रकाने पक्के आणि प्रत्येक माणसाला व घराला कायमचा क्रमांक. पॅन वेगळ्या शीटमध्ये, ती फक्त हिशेबनीस आणि मी बघू शकू. मग सिव्हीसीआरएम. सेल्सफोर्स ही कंपनी संस्थांना आपल्या सॉफ्टवेअरचे दहा परवाने मोफत देते, तेही पाहिलं. पण ते आपल्याजोगं करून घ्यायला बाहेरचा माणूस लागतो. सिव्हीसीआरएमचंही सर्व्हर सांभाळायचं काम आहेच. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ते अंगावर घेतलंय. माझी अट एवढीच आहे की ते काम येणारं दुसरं माणूस चिपळुणात तयार झाल्याशिवाय जुनी शीट बंद करायची नाही.

विश्वस्तांसमोर दर तिमाहीला चार आकडे ठेवणार आहोत: मागच्या वर्षी दिलेल्यांपैकी किती जणांनी यंदा पुन्हा दिलं, किती जणांशी पैशाशिवाय बोलणं झालं, किती पत्रं परत आली, किती माजी विद्यार्थी नव्याने सापडले. एकूण रक्कम ताळेबंदात असतेच.

राहता राहिले ते, जे द्यायचे थांबले. एका विश्वस्तांचं मत की तीन वर्षं काही आलं नाही तर नाव कमी करावं, टपालखर्च वाचेल. माझा प्रस्ताव असा आहे की तिसऱ्या वर्षी त्यांना एक साधं कार्ड जावं: तुम्ही कसे आहात, पत्ता हाच आहे ना, आणि तुमच्या मदतीच्या काळात राहिलेली मुलं आता काय करतात त्याच्या चार ओळी. उत्तर आलं नाही तरी नाव राहील, छापील पत्रं मात्र थांबतील. गणपतीनंतरच्या बैठकीत यावर मतं घेतली जातील, आणि त्याआधी मी त्या यादीतल्या जितक्यांना जमेल तितक्यांना फोन करणार आहे.